तिसरं नाव

सोहारच्या या खोलीत एसी अठरावर असतो
आणि मी फुरशांच्या पोटाखालचे खवले मोजतो,
गळ्यापासून शेपटीच्या मुळापर्यंत, टाचणीच्या टोकानं.
एकशे एकोणसत्तरवर कुणी हाक मारली
की परत गळ्यापासून.
फुरशाला घाई नाही.
सहा वर्षं ते अल्कोहोलात वेटोळं करून
माझीच वाट बघत बसलेलं.

पोटासाठी आलो इथे.
पोटं मोजतो.
पोटावरून पोटजात ठरते.
फोनवर हे सांगितलं तर आई म्हणाली,
आपल्याकडं न मोजताच ठरवतात.

डॉक्टर झुवैना शिकवतात, दम धरून:
पहिलं नाव भावकीचं, दुसरं जातीचं,
तिसरं फक्त त्यांना, जे वेगळे झालेत
पण अजून पुरते तुटलेले नाहीत.
मध्ये समुद्र आला, डोंगर आला,
येणंजाणं थांबलं,
खवल्यांची एखादी ओळ वाढली,
कुशीवरची पांढरी रेघ जरा जास्त वळली.
भेटले तर अजून जमेल त्यांचं.
भेटत नाहीत, एवढंच.

तेव्हा बायकोची आठवण आली नाही
असं म्हणणार नाही.

आमच्या देवगडच्या कातळावरचं फुरसं
आणि बातिनाच्या वाळूतलं हे:
पहिली दोन नावं एक. तिसरं वेगळं.
तिकडचं जांभ्याच्या रंगाचं,
हे वाळल्या खजुराच्या झावळीचं.
अंगाला अंग घासून आवाज मात्र
दोघंही तोच काढतात,
तापल्या तव्यावर पाणी शिंपडल्याचा.

ड्रायव्हर सुहैल बलुशी विचारतो,
मग हे आमच्याकडं आलं कुठून?
डॉक्टर नकाशावर बोट फिरवतात:
सिंध, मकरान, आखाताचं तोंड, सोहार.
सुहैल हसतो. माझा आजा याच वाटेनं आला,
होडीतून, शेळ्या घेऊन.
कुणी सांगावं, शेळ्यांच्या चाऱ्यात…
डॉक्टर म्हणतात, अंदाज वहीत लिहायचा नसतो.

माझ्या कार्डावर जयवंत भिवा एवढंच आहे.
रकान्यात जागा पुरली नाही, धुरी उडालं.
तेव्हापासून मी मिस्टर भिवा.
बाप माझा देवगडची जेटी सोडून कुठे गेला नाही,
इथे दिवसातून वीसदा त्याला हाक मारतात
आणि ओ मी देतो.

मार्चमध्ये खजुराच्या बागेतून रफीकुलला आणलं.
घोट्याला दोन टिंबं, हिरड्यांतून रक्त.
हॉस्पिटलनं विचारलं, कुठला?
तो म्हणाला शाप, सुहैल म्हणाला हय्या,
आमच्या वाडीत रात्रीचं नाव घेत नाहीत,
जनावर म्हणतात,
आणि माझ्या तोंडून पहिलं तेच आलं.
कपाटात कुप्या होत्या, तिकडच्या फुरशाच्या
विषावर बेतलेल्या. सहा दिल्या.
रक्त गोठेना.
कुपीला दोन नावं ठाऊक होती,
तिसरं तिला कुणी सांगितलंच नव्हतं.
पहाटे मस्कतहून दुसऱ्या आल्या.

जगला. दोन बोटं गेली.
भेटायला गेलो तर म्हणाला, मारलं का त्याला?
म्हटलं, बरणीत आहे. चारशे सोळा नंबर.
त्यानं मान हलवली,
जसा कुणाचा पत्ता कळल्यावर हलवतो.

आता डॉक्टर झुवैना आणि कुणी परदेशातले प्राध्यापक
भांडतायत: पोटजात कसली,
सरळ वेगळी जातच करून टाका.
नमुने गेलेत. निकाल यायचाय.

चिठ्ठी मात्र मीच लिहितो,
पेन्सिलनं, कारण शाई अल्कोहोलात विरघळते.
पेन्सिल टिकते.
खोडताही येते.
चारशे सोळाचं पहिलं नाव लिहिलं.
दुसरं लिहिलं.
मग थांबून
पेन्सिलला टोक केलं.